चिमटीतला धागा

लिंबायत, १९९५. बुधवार, संध्याकाळ.

गांधीनगरहून आत्ताच परतलो, अजून एका जागी बसवत नाही. आपला प्रकाश, परवापर्यंत माझ्या शेजारचा यंत्रमाग चालवणारा, आज आमदार म्हणून विधानसभेत पहिल्यांदा बोलायला उभा राहिला आणि दुसऱ्याच वाक्याला अडकला. मी वर गॅलरीत. तिथे बोलायला मनाई. पण मागांच्या खडखडाटात आम्ही तोंडाने बोललो कधी? सगळं हातांनीच. मी चिमटी फिरवून दाखवली, धागा तुटलाय, जोड. त्याने वर पाहिलं आणि जो सुटला तो थांबेचना.

शिपाई आला. "काका, इशारे नहीं चलेंगे, बाहर चलो." एका चिमटीपायी? जाऊ दे. बंद दारातूनही भाषण ऐकू येत होतं. इतकी वर्षं शेजारी उभा राहिलो, पण कामावर असताना प्रकाशचा आवाज आज पहिल्यांदा कानावर पडला.