हरकत मागे घेण्यास हरकत

प्रति,
मा. मंडळ अधिकारी (महसूल),
मंडळ हिवरघाट, जि. चंद्रपूर.

विषय : मौजा बेलगावडी, गट क्र. ११८ च्या वारस नोंदीवर पोचुबाई हिने घेतलेली हरकत तिने मागे घेतली, त्यास अर्जदाराची हरकत असल्याबाबत.

संदर्भ : १) वारस फेरफाराची नोटीस, दि. ४ ऑगस्ट २०२५
२) पोचुबाईची हरकत, दि. १३ ऑगस्ट २०२५
३) ती मागे घेतल्याचे तिचे पत्र, दि. २१ नोव्हेंबर २०२५

महोदय,

विषय वाचून आपण कपाळाला हात लावला असेल. अर्जदाराच्या बायकोनेही लावला. तरी हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा, ही नम्र विनंती.

१. अर्जदार लटारू पत्रू उरकुडे, वय ५४, राहणार बेलगावडी, धंदा कापसाची शेती. अर्जदाराचे वडील पत्रू उरकुडे ऑक्टोबर २०२४ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे चार एकर जमीन, आई केसरबाई, आणि आमच्या समजुतीप्रमाणे एकुलते एक अपत्य, म्हणजे अर्जदार. वडील सत्तरीपर्यंत दर उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पाने खरेदीच्या केंद्रावर, मुन्शी म्हणून सिरोंच्याकडे जात व दोन महिन्यांनी परत येत. यात काही विशेष आहे असे अर्जदाराला कधी वाटले नाही.

२. वारस नोंदीची नोटीस चावडीवर लागली. सिमेंटचा ट्रक चालवणारा एक माणूस तेथे चहाला थांबला असता त्याने ती वाचली, मोबाईलमध्ये फोटो काढला व सासूला पाठवला. त्या बाजूला गाडी गेली की पत्रू उरकुडे नावाच्या माणसाची चौकशी कर, असे सासूने त्याला सांगून ठेवले होते. ही सासू म्हणजे पोचुबाई, वय ४९, सिरोंच्याच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिची आई आठ वर्षांपूर्वी वारली. बाबांचा फोन जवळपास वर्षभर लागत नव्हता. बाप गेला हे तिला आपल्या कार्यालयाच्या नोटिशीवरून समजले.

३. 'मीही पत्रू यांची मुलगी आहे' अशी तिची हरकत आली तेव्हा अर्जदाराचा संताप अनावर झाला, हे कबूल करतो. सुनावणीच्या पहिल्या तारखेला अर्जदार वकील घेऊन, दात-ओठ खात आला. ही बाई समोरच्या बाकावर बसली होती. लिपिकाने आमची फाईल झटकली. अर्जदाराला धुळीने लागोपाठ पाच शिंका आल्या. पाचवी संपते न संपते तोच समोरच्या बाकावरून शिंका सुरू झाल्या. सगळे कार्यालय मोजू लागले. पाच झाल्या आणि थांबल्या. पोचुबाई नाक पुसत म्हणाली, "बाबाले पण पाचच यायच्या. सहावी कधी नाई." वकील म्हणाले, शिंक पुराव्यात धरत नाहीत. अर्जदाराने वकिलांना तेथूनच रजा दिली.

४. अर्जदार तिला घरी घेऊन गेला. आईला काय सांगावे याची वाटभर धास्ती होती. आईने ओसरीवरून तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "मले ठाऊक होतं. बाकीचे मुन्शी उन्हाळ्यात वाळून यायचे, हा माणूस गालफडं भरून यायचा." आणि थोड्या वेळाने तिला विचारले, "जेवून आली का?" त्यानंतर आई आत गेली. तासाभराने बाहेर आली ती पोचुबाईला वाढायलाच.

५. महोदय, चोपन्न वर्षे अर्जदाराला राखी बांधून घ्यायला चुलतबहिणीकडे जावे लागे. आता घरचीच बहीण मिळाली, तीही तेलुगूत 'अन्ना', म्हणजे दादा, म्हणणारी. (लिपिकाने हे अर्जदाराचे टोपणनाव समजून 'लटारू ऊर्फ अण्णा' असे टिपले आहे, ते दुरुस्त व्हावे.) दुसऱ्या तारखेला आम्ही एकाच बाकावर बसून एकाच डब्यातून भाकरी व सुकी मासळी खाल्ली. वासाबद्दल क्षमस्व. परंतु आम्हांला सांगण्यात आले की, प्रकरण तक्रारीचे असल्याने अर्जदाराने डावीकडे व हरकतदाराने उजवीकडे बसावे. तिची हरकत मान्य आहे असे अर्जदाराने सांगितले, तर त्याच्यावर कोणाचा दबाव आहे काय, असा जबाब घेण्यात आला. स्वतःचा हिस्सा कमी करून मागणारा इसम आजवर आला नाही, असेही कळले. दबाव कोणाचाच नाही. आनंद आहे, पण जबाबाच्या नमुन्यात त्यासाठी जागा नव्हती.

६. तिसऱ्या तारखेला पोचुबाईच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव तेलुगू वळणाने 'पत्रय्या' निघाले. तेव्हा लिपिकाने, चाळीस माणसांदेखत, तिची आई 'लग्नाची होती की नुसतीच' असे विचारले. पदर डोक्यावर ओढून पोचुबाई बसस्टँडकडे चालू लागली. अर्जदार मागे धावला, पण बस सुटली होती. चार दिवसांनी तिने हरकत मागे घेतल्याचे पत्र आपल्याकडे आले. तिने फोन उचलणेही बंद केले.

७. यावर अर्जदाराच्या आईने, वय ७६, गुडघे दुखत असताना, "मले सिरोंच्याले ने" असा हट्ट धरला. तालुक्याच्या कोरपन्याहून चंद्रपूर आणि पुढे अख्खा दिवस एसटीत. भर बाजारात, मासळीच्या टोपल्यांपुढे उभे राहून आई तिला म्हणाली, "त्या बाबूनं तुले विचारलं, ते तू मले काऊन नाई विचारलं? लग्नाची मी हाओ ना? मग मी सांगते. तुयी आई बी त्याची बायकोच होती. मले राग आला तं त्याचा आला, तुया नाई." पोचुबाई म्हणाली, "माय, मले जमीन नाई पाहिजे." आई म्हणाली, "मले तरी कुठी पाहिजे? पण नाव लागलं पाहिजे." मग दोघी टोपल्यांमध्ये बसून इतक्या रडल्या की गिऱ्हाइके परत गेली, आणि मग मयताच्या खोड्या आठवून इतक्या हसल्या की ती परत आली. आई अद्याप तेथेच आहे. आज येतो, उद्या येतो म्हणते.

८. पोचुबाईने आता हरकत मागे घेतल्याचे पत्र मागे घेत असल्याचे पत्र दिले. ते घेऊन आलो असता, एकदा मागे घेतलेली हरकत पुन्हा घेता येत नाही व नोंद येत्या दि. १२ रोजी दोनच नावांनी प्रमाणित होईल, असे सांगण्यात आले. सबब अर्जदार आता स्वतःच्याच वारस नोंदीवर स्वतः हरकत घेत आहे. ती अर्जदार मागे घेणार नाही.

तरी विनंती की, दि. १२ चे प्रमाणीकरण थांबवून केसरबाई, लटारू व पोचुबाई अशा तिन्ही वारसांची नावे सारख्या हिश्शाने लावावीत. तसेच पोचुबाईच्या नावापुढे रिवाजाप्रमाणे नवऱ्याचे नाव न लावता बापाचे लावावे. ते आजवर तिच्यापुढे कोणी धड लिहिलेले नाही.

सोबत : आई केसरबाईचे अंगठ्यासह संमतीपत्र, पोचुबाईचे वरील पत्र, फळीवरचा जुना फोटो, ज्यात वडिलांच्या खांद्यावर बसलेली मुलगी तीच आहे.

आपल्या न्यायाची वाट पाहणारा,
लटारू पत्रू उरकुडे
बेलगावडी, दि. ५ जानेवारी २०२६

वरील मजकूर वाचून घेतला, कबूल आहे :
पोचुबाई पत्रू उरकुडे

(सही तीन वेळा गिरवलेली आहे. असे नाव तिने प्रथमच लिहिले, सबब खाडाखोड समजू नये.)