गज सैल करण्याविषयी

४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळपासून एक आवाज कानातून जात नाही. वाजवण्याचा नव्हे, वाजवण्याच्या आधीचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतून तो आला, तेव्हा मला वाटलं, कोणीतरी वाळलेल्या पानांवरून येरझारा घालतंय. डोकावलो तर तुझी ताई व्हायोलिनच्या गजावर राळेचा खडा फिरवत होती. शाळेत पाठ केलेल्या माझ्या सगळ्या कवितांत पैंजणं होती, पावा होता, पण राळेचा आवाज एकाही कवीला सुचला नव्हता. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, कवींना रोज व्हायोलिन पुसायला लावा, मग सुचेल.

हे आठवायला कारण तुझं पत्र. तुझ्या गजाला टोकाशी चीर गेली, सव्वीस तारखेला तुमच्या संगीतशाळेचा कार्यक्रम आहे, म्हणून ताईचा गज पार्सलने पाठवा म्हणतेस. पाठवीन. ती गेल्यापासून चार वर्षांत तू या घराकडे पहिल्यांदाच काही मागितलंस. पण मी तो किती जपलाय, तेही ऐक. व्हायोलिनची पेटी दर रविवारी बाहेरून पुसतो. आतलं काही हलवलेलं नाही. तिने गज ताणून ठेवला होता, तसाच ताणलेला आहे. मुठीजवळचा स्क्रू मी अर्धा वेढासुद्धा फिरवला नाही.

लोभ आहेच, अधूनमधून तो कागदावर उतरवत जा.

तुझा
भावोजी

९ जून

ती. स्व. भावोजींना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचता वाचता खुर्चीतून उठलेच. तुम्ही गज जपलात की छळलात? वाजवून झालं की गजाचे केस सैल करायचे, ही पहिल्या दिवशीची शिकवण. ताणलेला राहिला की काठीचा आतला बाक जातो, आणि बाक गेला की तो गज नाही, फूटपट्टी. लढाई संपली की धनुष्याचीही दोरी उतरवतात. एवढ्या कविता पाठ केल्यात, त्यांत हे कुठे आलं नाही?

आता सांगते तेवढंच करा. गज डाव्या हातात धरा आणि स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. केस मऊ पडून काठीला जेमतेम टेकले की थांबा. केसांना बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की ते राळ धरत नाहीत. काठीवरची पांढरी भुकटी मऊ सुती कापडाने पुसा. पाणी नको, आणि तुमचं ते चष्मा पुसायचं औषध तर मुळीच नको. पेटी दोन दिवस उजेडात उघडी ठेवा. बंद अंधारात बारीक कीड होते, ती केस कुरतडते.

एक मात्र कळत नाही. दूध उतू जात असलं तरी ताई आधी गज सैल करायची, मग गॅस बंद करायची. तिच्या हातून तो ताणलेला राहिला कसा?

गुडघ्याचं काय म्हणणं आहे? रागावले असले तरी

तुमचीच
धाकटी

१३ जून

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि पेटी उघडली. सात केस तुटून टोकाशी लोंबत होते, म्हणजे तुझी कीड खरी. काठी खिडकीशी धरून पाहिली. बाक आहे असं डावा डोळा म्हणतो, उजवा नाही म्हणतो. मोतीबिंदू उजव्याचा काढलाय, तेव्हा त्याचंच खरं असावं.

आता घड्याळाच्या काट्यांच्या उलट म्हणतेस, पण घड्याळ कुणीकडून पाहायचं? मुठीकडून की टोकाकडून? चुकून उलटं फिरलं तर काठीच मोडायची. म्हणून काल नुसता बसलो. चिमूट स्क्रूपर्यंत जाते आणि परत येते. उठलो, गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं, परत आलो. पुन्हा उठलो, पुन्हा पाणी घातलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई वर आल्या. म्हणाल्या, आभाळ निरभ्र आहे आणि माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाऊस पडतोय. शाळेत गण पाडताना एखादं अक्षर लघू की गुरू ठरेना, की मी असाच पेन्सिल चावत बसायचो.

गुडघा बरा आहे. तुझी माया अशीच चालू दे, दटावणीसकट.

भावोजी

१६ जून

ती. स्व. भावोजींना,
सा. न. वि. वि.

मुठीकडून पाहायचं. झालं? चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाने काटे कुणीकडे फिरतात हे मला विचारावं? मी विचारलं ताईबद्दल, आणि तुम्ही पाणी घातलंत कुंड्यांना.

वर्गात लक्ष लागत नाही. मुली सूर चुकतात आणि मला ऐकूच येत नाही. भावोजी, तिने गज शेवटचा ताणला तो रविवार होता का? एवढं सांगा. पार्सलचं मग बघू.

धाकटी

१९ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

हो, रविवारच.

तिने विद्यार्थिनींसमोर तुझी चूक काढली आणि तू सात महिने तिच्याशी बोलली नाहीस. मग तुझा फोन आला, रविवारी चारला येते, दोघी वाजवू. साडेतीनला तिने तारा जुळवल्या, राळ लावली, गज ताणला आणि पेटीत ठेवून खिडकीशी बसली. सातला मी म्हटलं, आता सैल कर. ती म्हणाली, राहू द्या, येईल ती, तिला कुठे वेळेचं भान असतं. सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा ती उठली नाही.

तू का आली नाहीस हे मी कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. पण स्क्रू फिरवायला बोटं धजत नाहीत ती याचसाठी. गज सैल करणं म्हणजे, तू आता येणार नाहीस असं तिच्या वतीने मीच ठरवून टाकणं.

आणखी काय लिहू. सांभाळून राहा.

भावोजी

२६ जून

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

मागचं पत्र टपालपेटीत पडलं आणि त्याच क्षणी हात आत घालून ते ओढून काढावंसं वाटलं. आठवडा झाला, तुझी ओळ नाही. चार वर्षं जे पोटात ठेवलं, ते एका गजापायी तुझ्या अंगावर टाकलं. म्हातारपणी माणसाला शहाणपण येतं म्हणतात, माझं वाटेत कुठेतरी उतरलेलं दिसतं.

आता साडेपाच झालेत. म्हणजे तू मंचावर असशील, कोणाचा तरी उसना गज घेऊन. मला इथे बसवत नाही आणि उभंही राहवत नाही. तीनदा पेटी उघडून मिटली. शेवटी ठरवलंय, हे पत्र पुरं झालं की स्क्रू मीच फिरवणार. तू येणार नाहीस हे मान्य करायला हवं. आपल्या तिघांच्या हट्टापायी त्या बिचाऱ्या काठीने का वाकडं व्हायचं, किंवा सरळ व्हायचं, जे काय असेल ते.

बेल वाजली. गॅसवाला असेल.

गॅसवाला नव्हता. दाराच्या भिंगातून पाहिलं तर तू. केस सगळे पांढरे झालेत. रडली आहेस की चार जिने चढून लाल झाली आहेस, ते भिंगातून कळत नाही. चष्मा घ्यायला म्हणून टेबलाशी आलो आणि बघ, लिहीतच बसलो. तू बाहेरून सांगते आहेस की मुली तुझ्यावाचूनही वाजवतील, आणि मी स्क्रूला हात लावला असेल तर माझी धडगत नाही, कारण तो तूच सैल करणार आहेस, पण आधी वाजवून.

आलो.