हारुकोचा हात, माझं पोट

७ एप्रिल, ॲन आर्बर
शेजारच्या हारुकोबरोबर लायब्ररीत. ज्येष्ठांसाठी जपानी वैद्यकाचा इतिहास, पहिलं लेक्चर. ही विद्या चीनहून आली, पण पोट हाताने दाबून रोग ओळखणं जपान्यांनी फार पुढे नेलं. हारुकोचे वडील डॉक्टर. गोळ्याही द्यायचे, काढेही. आधी पोट बघायचे.

८ एप्रिल
म्हटलं, दाखव तरी. गालिच्यावर आडवी झाले. गुदगुल्या. दोघी शाळकरी पोरींसारख्या हसलो. मग डावीकडे तिचा हात थांबला. "मी डॉक्टर नाही. तू दाखवून ये." चहा मात्र निवांत झाला.

११ एप्रिल
"आई, शेजारीण पोट दाबते आणि तू मला आज सांगतेस?" इति नेहा. लगेच घेऊन गेली. डॉक्टरांच्याही हाताला काहीतरी लागलं. सोनोग्राफी करा म्हणाले. मी नको म्हटलं. माझ्या आईचं पोट उघडलं, तसंच शिवलं, आणि मग ती... मला कळायलाच नको. नेहा आपटत भांडी लावत बसली.

१४ एप्रिल
आजचं लेक्चर: काही जपानी वैद्य शरीररचनेचं डच पुस्तक घेऊन, देहदंड झालेल्या बाईचं शव उघडताना बघायला गेले. जुने चिनी तक्ते चुकीचे, डच चित्रं बरोबर. मग भाषा धड येत नसताना ते पुस्तक भाषांतरित केलं. बसमध्ये हारुकोला आमच्या कॉन्व्हेंट शाळेचं सांगितलं. शरीराच्या तक्त्यावर कमरेखाली सिस्टरने खाकी कागद लावलेला. ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग, "सोनोग्राफी कधी?"
"विचार करते."
"ते वैद्य काय विचार करायला गेले होते?"

१८ एप्रिल
करून आले. स्क्रीन माझ्याकडे वळवायला लावून बघितला. नुसते राखाडी ढग. नंतर नेहाबरोबर डोसा. किती दिवसांनी दोघीच.

२२ एप्रिल
डॉक्टरांचा फोन. अंडाशयावर गाठ. दिसते साधी, पण काढल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. २९ला ऑपरेशन. भीती वाटते. झोप मात्र लागली.

२८ एप्रिल
शेवटचं लेक्चर. एका जपानी वैद्याने वनस्पतींचं औषध पाजून बाईला गाढ झोपवलं, स्तनातली गाठ काढली. पाश्चात्त्यांच्या ईथरच्या कितीतरी आधी. मी हात वर केला. जाग आल्यावर ती काय म्हणाली? सर म्हणाले, तशी नोंद माझ्या वाचनात नाही.
हारुको कानात, "भूक लागली म्हणाली असेल."
उद्या पहाटे निघायचं. नेहाला सांगून ठेवलंय, डॉक्टर खाऊ देतील तेव्हा मऊ भात. तूप, मेतकूट. आणि भात जरा जास्तच लाव, हारुकोही येणार आहे.