बाबांचे हात

तुर्भे, मार्च १९८३

ती. बाबांना आणि आयेला पोपटचा जयभीम.

मी इथं मजेत आहे. खानावळीतलं जेवण बरं असतं आणि कंपनीनं मला कायम केलंय. आयेचा खोकला कमी झाला का? तुमची सून चांगुणा नीट जेवते का?

एक गोष्ट कानावर घालतो, रागावू नका. आमचे फोरमन दर गुरुवारी आपल्या खोलीवर एका महाराजांचं भजन ठेवतात. नाही म्हणता येईना, म्हणून गेलो. आमची लेक बेबी वारल्यापासून माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. तिथं मात्र ढसाढसा रडलो. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. आता दर गुरुवारी जातो.

फोरमन म्हणतात, "मनाला बरं वाटतं ना? मग टेन्शन कशाला घेतोस? पुनवेला महाराजांची माळ घाल." माळ घातली की आपला धम्म सुटला, हे मला कळतं.

बाबा, दीक्षा घेऊन आलात तेव्हा तुम्ही घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडलेत. आजी उंबऱ्यात आडवी पडली होती. टोपली उचलताना हात थरथरत होते, असं तुम्हीच सांगता. त्या दिवशी मनाचं ऐकलं असतंत, तर देव आजही घरात असते.

माझे हात थरथरत नाहीत. मला तिथं फार बरं वाटतं, आणि त्याचीच भीती वाटते.

पुनवेच्या आत इकडे या. येताना चांगुणाला आणा. तीसुद्धा अजून रडलेली नाही.

तुमची वाट बघणारा,
पोपट