लोंबत्या दंडांचं काय करायचं

३ फेब्रुवारी
वजन आणखी उतरलं. जिद्द म्हणतात ती हीच. दंडांची कातडी मात्र मागे राहिली, लोंबते. आपलं काम सलूनचं, दिवसभर हात वर आणि समोर आरसा. कात्री चालली की दंड झुलतो. गिऱ्हाईकं तेच बघतात, म्हणूनच कमी झालीत. ठरलं. दंडांचा बंदोबस्त करायचाच.

४ फेब्रुवारी
बायको म्हणाली, अहो, दुप्पट जेवताय आणि वाळत चाललाय, आधी डॉक्टरांना दाखवा. दाखवणारच आहे. दंड.

९ फेब्रुवारी
क्लिनिकमध्ये चौकशी. ऑपरेशन केलं तर जादा कातडी कापून टाकतात. काखेपासून कोपरापर्यंत व्रण, शिवाय काही आठवडे हात वर करायचा नाही. म्हणजे दुकान धाकट्या भावाच्या ताब्यात. दुसरा मार्ग मशीनचा. शेक देऊन कातडी आवळतात, कापाकापी नाही. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, फरक थोडाच पडतो. त्यांनी माझी कातडी कुठे पाहिलीय? मशीन नक्की.

१० फेब्रुवारी
ऑपरेशन नक्की. व्रणाला काय भ्यायचं!

११ फेब्रुवारी, सकाळ
झोप नाही. छाती नुसती धडधडत होती. मशीनच बरं.

१७ फेब्रुवारी
एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीला वस्तरा लागला. तोच मध्ये बोलला. भाऊ हळूच म्हणाला, दादा, तुझा हात थरथरतोय. म्हटलं, चहा जास्त झाला. याचा डोळा दुकानावर आहे.

२१ फेब्रुवारी
बायकोला घेऊन सर्जनकडे गेलो. बाही वर केली, तर डॉक्टर दंड सोडून बोटांकडेच बघत बसला. हात पुढे धरायला लावले. गळा चाचपला. घाम फार येतो का, विचारलं. म्हणाला, वजन स्थिर होईपर्यंत ऑपरेशनही नाही, मशीनही नाही. आधी थायरॉइड तपासा. जिन्यात बायकोला रडू फुटलं. म्हटलं, अगं, कातडीचा डॉक्टर तो, त्याला गळ्यातलं काय कळतंय!

२६ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. थायरॉइडच वाढलंय. म्हणजे वजन मी उतरवलंच नव्हतं. थायरॉइडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांनी आटोक्यात येईल, धीर धरा. बायकोने माझा हात धरला, तो तिच्या हातातही थरथरत होता.

दुकानात गेलो. भाऊ म्हणाला, दादा, बरा होईस्तोवर दाढ्या मी करतो.
भांडायचं होतं. झाडू घेतला.