स्टीलच्या ग्लासातला बेस

६ नोव्हेंबर, गुरुवार

लाईट गेली! अख्खं कळंब शिव्या देऊन राह्यलं अन् आम्ही तिघं गाद्यांवर उड्या मारून राह्यलो.

रिजवानच्या अब्बूचं, म्हणजे नजीरचाचाचं, गाद्या-रजयांचं दुकान हाय. चारही भिंतींले छतापर्यंत गाद्या. तिथं टाळी वाजवली तं जागच्या जागी विझते, आवाज वापस येतच नाई. रेकॉर्डिंगले यापेक्षा चांगली खोली नागपुरातही भेटणार नाई. भानगड एकच — रुई पिंजायची मशीन! ती सुरू असली का सारं दुकान थरथरते. अन् आता थंडी लागली, रजयांचा सीझन, चाचा तिले घडीभर बंद करत नाई. म्हून लाईट गेली का मशीन बंद, अन् मशीन बंद का आम्ही सुरू. लॅपटॉप बॅटरीवर. माहा बेस, चार जाड्या तारांचा, सरळ वायरनं लॅपटॉपले. रिजवान तेलाच्या रिकाम्या डब्यावर. तिसरी माही मैत्रीण निकिता, ती रजई डोक्यावरून घेऊन गाते, खरंच सांगते. आवाज असा जवळून येते तिचा, का बस. घाम येते तो तिचा तिनं पाहावा.

आज "कपाशीत शेळी"चा बेस झाला. गाणं निकितानंच लिहिलं — शेळी शिरली कपाशीत, कोण काढीन बाहेर? शेळी म्हणजे माहा बेस. कोणाच्या बापाले बाहेर निघत नाई.

दुसऱ्या कडव्यात एका जागी बोट उशिरा पडलं. पुन्हा घेणार तेवढ्यात लाईट आली, मशीन सुरू. जाऊ दे. राहू दे चूक.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबांची अट इथं लिहून ठेवते. मले नागपूरले साउंडच्या कोर्सले जायचं हाय. बाबा म्हणे, तीन गाणी कर, त्यात तू ऐकू आली पाह्यजे, मंग खुशाल जाय. महिनाअखेरपर्यंत सांगायचं, कारण प्रवेश तेव्हाच बंद होते.

सोपं वाटते ना? बिलकुल नाई. आजवर मी जिथं वाजवलं तिथं माह्या भावाच्या, कपिलदादाच्या, गिटारच्या मागं. गणपती असो, कोणाची हळद असो, लोकं काय म्हणते? "कपिलचा प्रोग्राम झाला." अन् मी वायरी गुंडाळणारी पोट्टी. म्हून यावेळी ठरवलं, गिटार नाई! तिन्ही गाण्यांत नाई. बेस पुढं, बाकी सारे मागं.

तसा बेस मले दादामुळंच लागला, हेही खरं. लहानपणी त्याच्या जुन्या गिटारच्या बारक्या दोन तारा तुटल्या. नव्या लावायच्या सोडून त्यानं ती तशीच माह्या हातात देल्ली — "घे सुरे, तुले चारच पुरे." मले खरंच चारच पुरल्या. जाड्या तारा दिवसभर ठोकत बसे मी. आई म्हणे, घरात उखळ झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

दादाले कळलं. निकिताच्या पोटात काही राहत नाई.

त्याले पुण्याले नोकरी लागली, एकवीस तारखेले जाऊन राह्यला. जेवता जेवता म्हणे, जायच्या आधी माही एक तरी गिटार घे त्यात. गिटारशिवाय गाणं म्हणजे मिठाशिवाय वरण. मी म्हटलं, बाबांले बीपी हाय, आपल्या घरी मीठ कमीच बरं.

बाबा हासले. दादा नाई हासला. दिवसभर माह्या खोलीच्या दारात बसून बिनवायरच्या गिटारीवर तेच ते टिकटिक वाजवून राह्यला. भैताड!

१० नोव्हेंबर, सोमवार

अशी आयडिया आली का मीच माही पाठ थोपटली.

त्याले 'हाव, घेते तुही गिटार' म्हणायचं. गिटार रेकॉर्ड करायची. अन् मंग मिक्सिंगमधी, लॅपटॉपवर प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी असते, त्यातल्या त्याच्या पट्टीचा आवाज बंद करून टाकायचा! एक बटण. दाबलं का लाल होते, पट्टी दिसते पण वाजत नाई. साप मरते अन् काठीही तुटत नाई.

दुपारी लाईट गेली. दादाले गाद्यांमधी बसवलं, हेडफोन त्याच्या कानात. हेडफोन एकच हाय, अन् त्याची इलेक्ट्रिक गिटार सरळ वायरनं लॅपटॉपमधी, म्हून आम्हाले खोलीत नुसतं टिकटिक ऐकू आलं. तो काय वाजवून राह्यला हे त्याचं त्यालेच माहीत. डोळे मिटून, मान हालवून. रिजवान तोंडात दुपट्टा कोंबून बसला होता. दुपट्टा निकिताचा, म्हून वरून एक धपाटाही बसला.

दादानं हेडफोन काढला अन् म्हणे, झालं, एकातच झालं. मी म्हटलं, वा! तो रस्त्यावर पोचायच्या आत बटण लाल केलं. काय वाजवलं ते ऐकलंही नाई. आपल्याले काय करायचं?

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दादाले गाणं ऐकवलं. गिटार बंद. पूर्ण बंद!

तो गादीवर टेकून बसला. डोळे मिटले. पहिलं कडवं झालं तशी मान हालवायले लागला. मंग म्हणे, "कशी बसली माही गिटार, पाह्य." रिजवान उठून बाहेरच गेला. मी दात दाबून म्हटलं, हाव ना दादा, एकदम बसली. तं हा म्हणते, थोडी कमी कर, तुहा बेस दबून राह्यला.

जी वाजतच नाई ती कमी कशी करू? तरी एक पट्टी उगाच खाली ओढली. म्हणे, आता बरोबर!

तो गेल्यावर मी अन् निकिता रजयांच्या ढिगात पडून हासलो. पोट दुखलं. नजीरचाचा म्हणे, रजई फटी तो तुम दोनों सिओगी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मिक्सिंग रिजवानकडच्या बारातीच्या स्पीकरवर केलं. लग्नात लावते ते, माणसाएवढाले. पहिला सूर वाजवला अन् टिनाचं छप्पर बोलायले लागलं. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली, ती वेगळीच. मंग बेस कमी केला. अजून कमी केला. कुठं मऊ झाला, गोड लागला, तेव्हा थांबलो. मधल्या दिवसांत बाकी दोन गाणीही रेकॉर्ड झाली होती, तिन्ही तशीच केली. रिजवान म्हणे, एक नंबर.

उद्या बाबांले ऐकवते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सत्यानाश.

बाबा गाणी कशी ऐकते हे मी विसरलीच होती. ओट्यावर चहा पिते, मंग फोन उचलून स्टीलच्या रिकाम्या ग्लासात उभा ठेवते. तेवढाच आवाज मोठा होते म्हणे. वावरातही ग्लास संग नेते. तुरीत निंदण सुरू असलं का धुऱ्या-बांधावर ग्लास वाजतच असते.

आज ग्लासात माही तिन्ही गाणी वाजली. निकिता वाजली. रिजवानचा तेलाचा डबा वाजला. बेस कुठंच नाई. गिटार तं नाईच, म्हणजे खाली काहीच नाई. निकिता एकटी माळरानावर उभी राहून गाऊन राह्यली, असं वाटलं.

बाबांनी तिन्ही गाणी शेवटपर्यंत ऐकली. मंग म्हणे, "पोरगी गाते चांगली. पण तू कुठं हायस त्याच्यात?"

मी म्हटलं, हेडफोन लावून ऐका. म्हणे, कानात बोंडं खुपसून कोण ऐकते? लोकं असंच ऐकते.

मले रडूच आलं. घरात येऊन रडली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आमची अक्कल! बारातीचा स्पीकर बेस स्वतःच दुप्पट करून फेकते. अन् आम्ही त्याच्यावर ऐकून ऐकून बेस कमी करत गेलो. आपणच शेळीले हाकललं अन् आता कपाशीत शोधून राह्यलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा सारं केलं, हेडफोनवर. बेस पोटभर वाढवला. हेडफोनमधी भारी. रिजवानच्या मामाच्या ऑटोत तं अजूनच भारी, सीट हालते.

ग्लासात? ढुस्स! उलट ग्लासच टणटण करते. जाडा आवाज फोनच्या तेवढ्याशा भोकातून निघतच नाई, कितीही रेटा. रेटला का फोन खरखरते.

नजीरचाचा मशीन पुसता पुसता म्हणे, "बेटी, लोग खोल देख के गद्दा लेते हैं, सोते रुई पे हैं." खोल म्हणजे गादीची खोळ. पण त्या वक्ती मले ज्ञान नोको होतं. मी म्हटलं, चाचा, गाद्याच विका तुम्ही. तं त्यानं हासून चहा पाठवला. लय लाजली मी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा गेला. यष्टीत बॅग वर टाकली अन् खिडकीतून विचारून राह्यला, माही गिटार ठेवलीस ना गाण्यात? सगळ्या स्टँडासमोर. मी म्हटलं, ठेवली ना दादा. म्हणे, जास्त मोठी नोको ठेवू, तुहा बेस ऐकू आला पाह्यजे.

यावेळी हासू नाई आलं. का ते माहीत नाई. घरी आली तं दाराजवळ त्याची बसायची जागा रिकामी. एवढी कटकट होती त्याची अन् आता घर कसं भणभण वाटते.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाबांले पुन्हा ऐकवलं. पुन्हा तेच. म्हणे, अजून एक रविवार हाय तुह्याजवळ. रागावले नाई. रागावले असते तं बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हे आजच लिहून ठेवते.

आज सकाळी लॅपटॉप उघडून बसली होती, डोकं चालत नव्हतं. सहज दादाच्या पट्टीवर नजर गेली. लाल बटण. म्हटलं, ऐकू तं खरं त्यानं काय तारे तोडले. याद तं येतच होती त्याची. बाकी सारं बंद केलं, नुसती गिटार सुरू केली.

अन् पुन्हा पहिल्यापासून लावली.

दादानं गिटारचं काहीच वाजवलं नाई. ना खणखण, ना फिरकी, त्याच्या आवडीची एकही तान नाई. त्यानं माहा बेस वाजवला! माहाच, सूर न् सूर. फक्त एक सप्तक वर. दुसऱ्या कडव्यात जिथं माहं बोट उशिरा पडलं, तिथं त्याचंही उशिरा पडलं. चूकसुद्धा सोडली नाई त्यानं. सहा तारा होत्या त्याच्याजवळ अन् बारक्या दोघींले हातही लावला नाई. तोंडापासून शेवटापर्यंत जाड्या चारच. मले देल्ल्या होत्या त्याच.

दारात बसून दिवसभर तेच ते वाजवत होता, तेव्हा मले त्रास देऊन राह्यला असं समजत होती मी. तो शिकून राह्यला होता! माह्याच कच्च्या रेकॉर्डिंगवरून. ते त्याले कोणी देल्लं असन? निकिता, दुसरं कोण.

मंग बटण उघडलं. फार नाई, माह्या बेसच्या पाठीले चिकटून राहीन एवढीच गिटार. स्वयंपाकघरातून ग्लास आणला. फोन त्यात उभा केला.

ऐकू आलं! पूर्ण ऐकू आलं. गिटार अशी नाईच वाटत, बेसच वाटते, अंगावर खोळ घातलेला. चाचाले सांगायले पळत गेली, तं मशीन सुरू होती, त्याले एक शब्द ऐकू आला नाई. तरी तो मान हालवत होता.

गिटार नाई म्हणणारी मी. आता उरलेल्या दोन गाण्यांचं काय? ती तशीच ठेवते. बाबा बोलले तं बोलू दे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रविवारपर्यंत दम निघाला नाई. संध्याकाळी बाबा वावरातून आले तशी चहासंग ग्लास पुढं केला. म्हटलं, एकच गाणं बदललं, तेच ऐका.

पहिल्या कडव्यात त्याईनं मान तिरपी केली. दुसऱ्यात बोट ओट्यावर वाजायले लागलं, बेससंगच. गाणं संपलं. 

म्हणे, "हे तू हायस."

मंग म्हणे, मधात एका जागी जरा मागं राह्यली, पण आली. एकात ऐकू आली, तेवढं पुरे. जाय नागपूरले.

बाबा अंघोळीले गेले. मी ग्लास घेऊन ओट्यावर बसली. खुशी तं एवढी झाली का सांगता येत नाई, अन् काळजात एक काटाही. त्याईनं ओळखलं ते कोणाले?

२९ नोव्हेंबर, शनिवार

दादाले फोन लावला. सारं सांगतलं — बटणाचं, ग्लासाचं, बाबांचं. म्हटलं, बाबांले ऐकू आलं ते माहं नाई दादा, तुहं होतं. सांगू का त्याईले?

 तो एकदम गंभीर होऊन म्हणे, "माहं कुठून ऐकू ईन, सुरे? माही गिटार तं तू पहिल्याच दिवशी बंद केलती."