आईला न विचारलेला प्रश्न

प्रिय तिओटीदादा,

दवाखान्याच्या पाहणीसाठी मी गावातल्या प्रत्येक पुरुषाला विचारलं, "माडी पिता का?" बाबा माडावरूनच म्हणाले, "मी नाही पीत, तीच मला पिते, असं लिही." शेजारी पोट धरून हसले. बायकांना मात्र मी विचारलंच नाही. आपल्या बेटावर बाईला हे विचारणं म्हणजे तिचा अपमान. मी एवढी शिकलेली, तरी एकेचाळीस नावांपुढे घरी बसून 'नाही' लिहिलं. त्यात आईचंही नाव होतं.

काल तिला क्षय निघाला. फॉर्म पाहून नर्स म्हणाली, "पीत नाहीत ना? मग उद्यापासून गोळ्या." त्या गोळ्यांवर पिणं यकृताला बाधतं. आणि चटई विणायच्या पानांखाली लपवलेली आईची आंबट माडीची बाटली मी वर्षभर पाहत आले होते.

आज दवाखान्याच्या वाटेवर शेवटी विचारलं. ती थबकली.

"तुझा बाप सांगतो तेव्हा लोक हसतात. मी सांगितलं, तर चर्चच्या बायका माझ्या चटईवर बसतील का?"

"मी बसेन."

"तू बसशील गं. तुला पदवी आहे, तुला कोण उठवणार?"

नर्सने गोळ्या पुढे केल्या, तेव्हा आईच बोलली, "रोज दोन पेले. पोरीनं चुकीचं लिहिलंय."

गोळ्या थांबल्या, आधी रक्त तपासणार आहेत. उरलेल्या चाळीस जणींना मी उद्यापासून विचारणार आहे.

परतताना आई म्हणाली, "तिओटीला कळवू नकोस. जहाजावर तो चारचौघांत माझं नाव अभिमानानं घेतो."

मी तिला शब्द दिलाय, दादा. म्हणून हे पत्र लिहिलं, पण टपालात टाकणार नाही.

तुझी,
तेरेतिया